अर्ध्या कॅनची सवय

५ फेब्रुवारी

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही, 'प्रिय'सुद्धा नाही. दोन्ही लिहून बघितलं, दोन्ही खोटं वाटलं. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र दाराखालून आत येतं, आणि परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं. तेवढे कष्ट तू घेणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

तर कळवायचं ते असं, की मी मोटरसायकल शिकतेय. आपलीच. परवानगी मागत नाहीये, कळवतेय.

परवा दादाने एका माणसाला गाडी बघायला पाठवलं. तुझ्याच सांगण्यावरून, हेही त्या माणसाने भोळेपणाने सांगून टाकलं. त्याने ताडपत्री ओढली, टाकीवरून बोट फिरवलं, वाकलेलं हँडल बघून तोंड त्याहून वाकडं केलं. मी म्हटलं, "गाडी विकायची नाही." तो म्हणाला, "पण मालकीणबाई तर म्हणाल्या..." मी म्हटलं, "मालकीणबाई तिकडे, गाडी इकडे. चहा घेणार का?" चहा पिऊन गेला बिचारा.

कागदोपत्री गाडी तुझी आहे, ठाऊक आहे. म्हणून नाव बदलायचा फॉर्म जोडलाय. पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर. डाव्या हाताने केलीस तरी चालते, मी कचेरीत विचारून आलेय.

आपण गाडीवरून पडलो तेव्हापासून, गेले चौदा महिने मी बसने फिरतेय. वजनांची पेटी घेऊन बसमध्ये चढणं काय असतं, ते तुला कधी कळायचं नाही, कारण पेटी नेहमी माझ्याकडे असायची. कंडक्टर रोज विचारतो, "बाई, यात सोनं आहे का?" मी म्हणते, "सोनं तोलायची वजनं आहेत, तेवढंच नातं." निम्मी वजनं घरी ठेवून जावं लागतं, म्हणजे दुकानांतले मोठे काटे तपासता येत नाहीत. आणि लांबच्या बाजाराला बस जातच नाही. तिथले दुकानदार इतके दिवस थांबले. आता म्हणतात, मे महिन्यापर्यंत कुणी आलं नाही तर दुसरा कारागीर बघू. आपण दोघींनी अकरा वर्षं ज्यांचे काटे जुळवले, तिथे दुसरा कुणी येऊन खुशाल त्या काट्यांचे कान पिळणार! मी जिवंत असताना नाही.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं, तर त्याने तुझं वाक्य मला ऐकवलं. "ती गाडी चालवणार? तिला धड मागे बसता येत नाही. ती हलली म्हणून माझा हात गेला."

दवाखान्यात तू हे पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले. दादा म्हणाला, "चुळबुळी ती चुळबुळीच," तेव्हाही गप्प बसले. लहानपणी मांडी घालून बसवत नव्हतं म्हणून पडलेलं नाव एक्केचाळिसाव्या वर्षी माझ्या गळ्यात पुन्हा बांधलंत तुम्ही. आता लेखी देते. ताई, त्या दिवशी मी हलले नव्हते.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. बरं.

शिकवायला कोण आहे, ते तरी ऐक. आपल्या गल्लीतली दूधवाली काकू. साठी उलटली तिची, तरी पहाटे दोन बाजूंना दोन कॅन लटकवून घरोघर दूध घालते आणि आठच्या आत परत येते. मी तिला विचारलं, "काकू, मला शिकवाल का?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "रडणार नसशील तर शिकवते."

जुन्या गोदामामागे सिमेंटचं पटांगण आहे ना, तिथे आम्ही सकाळी नऊला जातो. पहिल्या दिवशी काय केलं सांगू? हसशील. हसलीस तर मला कळणार नाही, म्हणून सांगते. काकूने गाडी उभी करून दिली, मी पाय टाकून बसले आणि वाट बघत राहिले. काकू समोर, मी गाडीवर, दोघी एकमेकींकडे बघतोय. शेवटी ती म्हणाली, "पोरी, तू मागच्या सीटवर बसलीयस. गाडी कोण चालवणार, भूत?"

अकरा वर्षांची सवय. पार्श्वभागाला वेगळा मेंदू असतो, ताई.

पुढे सरकून बसले तर समोर काहीच नाही! तुझी पाठ नाही, तुझ्या कुडत्याची ती उसवलेली शिवण नाही. नुसता रस्ता अंगावर येतो. पाचावर धारण बसली माझी. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. सतरा वेळा बंद पडली. मग काकू म्हणाली, "तू क्लच सोडत नाहीस, टाकून देतेस. काट्यावर वजन असंच टाकतेस का गं?" तिथे माझी ट्यूब पेटली. वजन टाकायचं नसतं, ठेवायचं असतं, आणि काटा ठरेपर्यंत बोट सोडायचं नसतं. अठराव्या वेळी गाडी अशी अलगद सुटली, की मीच घाबरून ब्रेक दाबला.

मग तिने विचारलं, "आरसे कुठायत?"

मी म्हटलं, "ताईने काढून ठेवले. हँडलला तागड्यांच्या पिशव्या लटकवायच्या असायच्या, आरसे आडवे यायचे."

"मग मागचं कोण बघायचं?"

"मी. प्रत्येक वळणाआधी मी मागे वळून बघायची आणि 'मोकळं' म्हणून ओरडायची. मग ताई वळायची."

काकू माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू आरसा होतीस," म्हणाली. "अकरा वर्षं? आणि तुझी बहीण एकदाही मान वळवत नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. आम्हाला दोघींना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. काकू म्हणाली, "धन्य आहात."

दुसऱ्या दिवशी मी आरसे बसवून आणले. दोन्ही बाजूंना. पिशव्या आता पाठीवर घेईन.

धाकटी


११ मार्च

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे, खोटं नाही सांगत. मजकूर मात्र अगदी तुझा. "अकरा वर्षं एकेका वळणावर मागे वळत होतीस. नेमकी त्याच वळणावर पुतळा झालीस?"

झोंबलं. ते वाचून मी दोन दिवस पटांगणावर गेले नाही. काकूला सांगितलं, ताप आलाय. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप डोक्यात आहे. चल."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही. त्याऐवजी दुसरं सांगते, ते तुला आवडणार नाही.

गाडी आता बऱ्यापैकी धावते. तिसऱ्या गिअरपर्यंत जाते, आठचा आकडा काढते. मग काकूने परीक्षा घ्यायची म्हणून तिचा एक कॅन मागच्या सीटवर बांधला. पाण्याने काठोकाठ भरलेला. मला वाटलं, आता मरते. पण काहीच झालं नाही, उलट गाडी शहाण्यासारखी वागली. मग काकूने झाकण उघडून निम्मं पाणी ओतून दिलं आणि म्हणाली, "आता जा." मी म्हटलं, "आता तर हलकं झालं." ती म्हणाली, "जा तर खरी."

ताई, अर्धा कॅन हा मागे बांधलेला राक्षस असतो. तू वळतेस एकीकडे, पाणी जातं दुसरीकडे. आतून कुणी तरी धक्के मारल्यासारखं होतं. पहिल्या वळणाला मी किंचाळले. पडले नाही, पण भिंत बघून आले.

काकू म्हणाली, "भरलेला कॅन गप बसतो, रिकामा कॅन विचारत नाही. अर्धा असतो तो नाचतो. मी रोज येताना दोन-दोन अर्धे कॅन नाचवत येते. पडते का?"

मी विचारलं, "मग मागे बसलेलं माणूस हललं म्हणून गाडी पडेल का?"

"माणूस?" ती हसायलाच लागली. "दुधापेक्षा जास्त हलतं का माणूस?"

वाच नीट. तीस वर्षं रोज दूध घालणारी बाई सांगतेय. मागचं ओझं हललं म्हणून जाणती माणसं पडत नाहीत. म्हणजे मी हलले असते, तरी तू पडायला नको होतीस. एवढं खापर माझ्या डोक्यावर फोडलंस, त्याचा आवाज अजून घरात घुमतोय. दादाकडच्या त्या खोलीत बसून एकदा हे स्वतःशी मोठ्याने म्हणून बघ.

फॉर्म हरवला असेल तर दुसरा पाठवतेय. फुली या वेळी पेनने केलीय.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

पडले.

दादाला सांगू नकोस, तो येऊन गाडी उचलून नेईल. डाव्या कोपरावरचं कातडं गेलं, गुडघा सुजलाय, बाकी मी आहे तशी आहे. गाडीचा एक आरसा फुटला. नवीन बसवला.

मागे कुणी नव्हतं. म्हणजे खापर फोडायलाही कुणी नव्हतं. बरं वाटलं मला ते, का कोण जाणे. आडवी पडल्या पडल्या पहिला विचार आला तो हा, की आता 'ती हलली' असं म्हणायची सोय नाही.

झालं असं. तीन आठवडे मी रोज अर्ध्या कॅनवर सराव करत होते. हाताला त्याची सवय झाली. वळण आलं, की पाणी बाहेर पळणार हे हाताला आधीच कळायचं आणि मी गाडी तेवढी जास्त आत झुकवायची. विचारसुद्धा करावा लागत नव्हता. पाणी आणि मी, दोघं आपापलं काम करायचो. परवा कुणी तरी कॅन काठोकाठ भरून ठेवला होता, मी झाकण उघडून बघितलं नाही. वळणावर नेहमीसारखी झुकले, आणि मागून धक्का आलाच नाही. गाडी जास्तच आत गेली. मी घाबरले आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. खाली वाळू. पुढचं चाक माझ्या पायाखालून असं निघून गेलं, जसं कुणी सतरंजी ओढावी.

काकूने मला उठवलं, गाडी उठवली, कोपर धुतलं. मग म्हणाली, "मीही अशीच पडले होते एकदा. नाचणाऱ्या कॅनने कधी पाडलं नाही मला. नाचेल असं वाटलं आणि नाचला नाही, त्या दिवशी पडले."

मी तिथेच सिमेंटवर बसून राहिले. काकूला वाटलं, कोपर दुखतंय. रडणार नाही असं कबूल केलं होतं, ते मोडलं.

आणखी लिहायचं होतं, पण आज नाही लिहिणार.

धाकटी


१६ एप्रिल

ताई,

परीक्षा पास झाले. तपासनीस म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "वय गाडीला विचारा, ती माझ्यापेक्षा दमलीय." आठचा आकडा एका दमात काढला, पाय टेकवला नाही. रांगेत पुढे-मागे सगळी विशीतली मुलं होती. त्यातली तिघं नापास झाली आणि मी त्यांच्या नाकावर टिच्चून लायसन्स घेऊन बाहेर पडले.

म्हणजे आता सगळं आहे. लायसन्स आहे, आरसे आहेत, वजनं सगळी पुसून पेटीत मांडली आहेत. फक्त गाडी माझी नाही. दुसऱ्याच्या नावाच्या गाडीवर धंदा करायचा नाही, हे तूच मला शिकवलंस. नियम म्हणजे नियम. काटे जुळवणाऱ्या बाईने स्वतः लबाडी करायची नाही.

मे महिना पंधरा दिवसांवर आहे. सही कर.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

फॉर्म मिळाला. सही अगदी फुलीवर. सोबतची चिठ्ठीही मिळाली. ती माझी पाठ झालीय, तरी पुन्हा लिहिते, म्हणजे आपण दोघी एकाच कागदाबद्दल बोलतोय हे नक्की होईल. "झालं ते झालं. तू काही मुद्दाम हलली नाहीस. मी तुला माफ केलंय. गाडी तुझी. जपून चालव."

वाचून आधी नाचले. काकूला दाखवलं. सोमवारी कचेरीत जायचं, मंगळवारी लांबच्या बाजाराला, असं ठरवूनही टाकलं. सोमवारी कचेरीच्या दारापर्यंत गेले. रांगेत उभी राहिले. पुढे दोन माणसं उरली तेव्हा रांग सोडून घरी आले.

आज चार दिवस झाले. चार दिवस मी त्या 'माफ केलंय'कडे बघतेय आणि माझ्या अंगाची आग होतेय.

आता ऐक. तू विचारलं होतंस, नेमकी त्याच वळणावर पुतळा झालीस? हो. झाले.

आठव, त्या दिवशी आपण बाजारातल्या त्या मोठ्या दुकानात होतो. त्यांचा काटा दोन ग्रॅम खाली धरत होता आणि तो का धरतोय ते तुला सापडत नव्हतं. मला सापडलं. सुरीखाली, जिथे दांडी टेकते, तिथे गंज होता. मी सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अरे वा, धाकट्या बाईंना जास्त कळतं." आणि तू हसून म्हणालीस, "तिला काय कळतंय, ती नुसती पेटी धरते." मग माझ्यासमोर तू तोच गंज घासून काढलास आणि आपण निघालो.

मी मागे बसले, पेटी मधे धरली, आणि मनात म्हटलं, नुसती पेटी धरते ना? मग आज नुसती पेटीच धरणार. वळण आलं. मी मागे वळून बघितलं नाही. मानसुद्धा हलवली नाही. समोर तुझ्या कुडत्याकडे बघत 'मोकळं' म्हणून ओरडले. खोटं. मागे ट्रक असता तरी मला कळलं नसतं. मागे काही नव्हतं, हे आपलं नशीब. पण मला ते माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याची फिकीरही नव्हती.

आणि तू पडलीस. जवळजवळ सोळा महिने मला वाटत होतं, की खोट्या 'मोकळं'चा आणि पडण्याचा काही संबंध नाही, कारण मागून काही आलंच नव्हतं. तेवढ्यावर मी जगत होते. पण गेल्या महिन्यात पडले तेव्हा कळलं. अकरा वर्षं मी वळणावर मागे वळायची, माझं वजन बाहेर जायचं, आणि तुझे हात तेवढीच गाडी आत झुकवायचे. तुला ते माहीतही नसेल. त्या दिवशी तुझे हात झुकले आणि मी मागे दगडासारखी बसून होते. गाडी जास्त आत गेली, तू पुढचा ब्रेक दाबलास, खाली वाळू होती, आणि पेटी तुझ्या मनगटावर पडली.

मी हलले म्हणून नाही पडलो आपण. मी हलले नाही म्हणून पडलो.

म्हणून मी दवाखान्यात गप्प होते. 'मी हलले नव्हते' म्हटलं असतं, तर 'म्हणजे मागे बघितलंच नाहीस?' हा पुढचा प्रश्न तू तिथल्या तिथे विचारला असतास. त्यापेक्षा 'चुळबुळी' परवडली. न केलेल्या चुकीच्या आड मी केलेली चूक लपवली, आणि वर तुझ्यावरच रागावून बसले. पहिल्या पत्रात किती तोऱ्यात लिहिलं होतं, आठवतंय ना?

पण ताई, मी हात जोडून आलेय असं समजू नकोस. आरसे तू काढलेस. अकरा वर्षं एकदाही मान वळवली नाहीस. गंज मी शोधला आणि दुकानदारासमोर तू मला पुसून टाकलंस. हे तुझ्या वाट्याचं आहे, ते मी उचलणार नाही. पेटी खूप वर्षं उचलली. पण तुझा उजवा हात चमचासुद्धा नीट धरत नाही, त्यात माझा वाटा आहे, आणि तो मी आज स्वतःच्या तोंडाने सांगितला. कुणी विचारलं नसताना.

तुझी माफी मला नको. ती तू अशा गोष्टीसाठी दिलीस, जी मी केलेलीच नाही. ती खिशात घालून मी लांबच्या बाजारात जाऊन लोकांचे काटे खरे करायचे? मला जमणार नाही. जे केलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. इतकं वाटतं, की ते लिहिताना अक्षर तुझ्या डाव्या हातासारखं येतंय. तेवढं घे, आणि त्याबद्दल माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

फॉर्म परत पाठवतेय. सहीला मी हात लावलेला नाही. एक तारखेला काकू तिच्या गाडीवर मला लांबच्या बाजारात सोडणार आहे, पूर्ण पेटीसकट. दूध घालून आल्यावर. म्हणजे मी गाडीसाठी तुझ्या दारात अडलेली नाही, हे लक्षात ठेव. हे सगळं वाचून फॉर्म फाडावासा वाटला तर फाड. मला राग येणार नाही. येईल, पण जाईल.

पुन्हा पाठवलास तर मात्र मला माफ केलं म्हणून पाठवू नकोस. वळणावर मुद्दाम मागे न बघणाऱ्या तुझ्या बहिणीचं नाव त्यावर आहे, हे माहीत असून पाठव. तसली सही असेल तरच मी किक मारेन.

तुझी बहीण